सुंदरगुरुजींचं पानामागचं लिखाण

पंचवटीत पोराला जवळच्या देवाचं नाव द्यायची रीत जुनी आहे. त्यामुळे सुंदरनारायणाला नवस बोलून झालेल्या पोराचं नाव सुंदरनारायण पडलं, त्यात रूपाचा विचार कोणी केला नव्हता. केला असता तर दुसरा देव शोधावा लागला असता. पुढच्या दोन दातांनी एकमेकांशी अबोला धरलेला, कान चांगले ऐसपैस, आणि चालताना डावा खांदा सारखा पुढे. पण माणूस लाख. रामकुंडावर फुलवालीपासून न्हाव्यापर्यंत सगळे त्यांना सुंदरगुरुजी म्हणत आणि म्हणताना थोडं हसत. गुरुजीही हसत. त्यांना राग येत नसे असं नाही, पण आलेला राग दाखवायचा कसा हे त्यांना कोणी शिकवलंच नव्हतं.

घराणं तीर्थोपाध्यायांचं. अस्थी घेऊन, श्राद्धाला किंवा सिंहस्थातल्या स्नानाला जे यजमान गंगेवर, म्हणजे गोदावरीवर, येतात त्यांचे विधी करायचे, आणि त्यांचा लेख जपायचा. लेख म्हणजे यजमानाने स्वतःच्या हाताने लिहून दिलेला मजकूर. गाव कोणतं, बाप कोण, आजा कोण, भाऊ किती, मुलं किती, आणि शेवटी, आमच्या कुळात जो कोणी येईल त्याने यांनाच मानावे. ज्याला लिहिता येत नाही त्याचा अंगठा घ्यायचा आणि मजकूर गुरुजींनी लिहायचा. असे पिढ्यान्‌पिढ्यांचे चोपडे माडीवर लाल कापडात बांधून ठेवलेले होते. लावलेले तालुक्याप्रमाणे. सटाण्याकडचा माणूस आला की बागलाणचं बासन काढायचं, पान उघडायचं आणि म्हणायचं, हा बघा तुमचा पणजा. भलेभले गडी त्या पानापुढे रडलेले गुरुजींनी पाहिले होते.

थोडक्यात सांगायचं तर हा सगळा धंदाच लिहिण्याचा. आणि त्याचा एकुलता वारस असा, की त्याला पेन दिसलं तरी पोटात दुखायचं.

याला कारण होतं. सुंदर जन्माचा डावखुरा. त्याचे वडील अण्णा विद्वान, कडक आणि देवभोळे, म्हणजे पोराच्या दृष्टीने तिन्ही बाजूंनी संकट. "डाव्या हाताने पितरांची नावं लिहिणार? सात पिढ्या नरकात धाडशील!" असं म्हणून अण्णा त्याचा डावा हात पंच्याने कमरेला बांधत आणि उजव्या हातात बोरू देऊन कित्ता गिरवायला बसवत. चार वर्षं हा कार्यक्रम चालला. उजवा हात काही शिकला नाही आणि डाव्याला कोणी विचारलं नाही. उजव्या हाताने काढलेलं अक्षर असं उतरायचं की शाळेतले मास्तर वही उलटी धरून पाहत, मग आडवी धरत, मग शून्य देत. निबंधाच्या तासाला सुंदरला हटकून ताप यायचा, आणि तो खरा असायचा.

पुढे लग्न झालं, मुलगी झाली, केस पांढरे झाले, पण लिहिण्याशी असलेलं वैर काही मिटलं नाही. बायकोने, प्रतिभाने, किराण्याच्या चार वस्तू सांगितल्या तर गुरुजी यादी करत नसत. तीन खेपा घालत आणि चौथ्या खेपेला हिंगाऐवजी ओवा आणत. यजमानाला अंगठा द्यायची वेळ आली की हे त्याला गळ घालत, "अहो, थोडंसं तरी लिहा. आपल्या हातचं अक्षर असलं की पितर ओळखतात." एका म्हातारबुवांनी या बोलण्यावर विश्वास ठेवून आयुष्यात पहिल्यांदा पेन धरलं आणि पाऊण तास लावून एक गोल काढला. गुरुजींनी तो गोल भक्तिभावाने जपून ठेवला.

अण्णा होते तोवर हे खपून गेलं, कारण अण्णांची स्मरणशक्ती. दहा वर्षांनी आलेल्या माणसाला पायरीवरूनच ते हाक मारत, "काय रे, थोरलीचं लग्न ठरलं का?" माणूस तिथेच पाघळायचा. सुंदरगुरुजींच्या डोक्यात मात्र चेहरे राहत नसत. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? नव्वद साली अण्णा गेले, आणि पुढच्याच चैत्रात व्हायचं ते झालं.

निफाडकडचे एक यजमान आले. गुरुजींना चेहरा ओळखीचा वाटला, याचाच इतका आनंद झाला की बाकी काही त्यांनी पाहिलंच नाही. अण्णांच्या थाटात दोन्ही हात पसरून ते म्हणाले, "या, या! आणि वडील कुठायत? या खेपेला आणलं नाहीत त्यांना?"

त्या माणसाचं डोकं ताजं भादरलेलं होतं. त्याने हातातल्या, लाल फडकं बांधलेल्या मडक्याकडे पाहिलं, मग गुरुजींकडे पाहिलं.

"आणलंय की," तो म्हणाला.

ते गाव गेलं. समोरच्या गल्लीतल्या चुलतभावाकडे गेलं, आणि चुलतभावाने ही गोष्ट रोज गंगेवर तिखटमीठ लावून सांगितली. सिंहस्थ तोंडावर आला होता. गावंच्या गावं येणार होती, आणि या गतीने वर्षाअखेर हातात एखादी वाडी उरली तरी पुष्कळ, हे गुरुजींनाही कळत होतं.

"लिहून ठेवा ना," प्रतिभा म्हणाली. "कोण आलं, कसा दिसतो, घरी काय चाललंय. पुढच्या वेळी वाचायचं आणि बोलायचं. आहे काय त्यात?"

"लिहून?" गुरुजी असे दचकले की जणू तिने गंगेत उडी मारायला सांगितलं होतं. "मी?"

"नाही तर मी येते पायरीवर बसायला."

त्याच आठवड्यात नारळ फोडताना कोयता निसटला आणि गुरुजींच्या उजव्या अंगठ्याला चार टाके पडले. दुपारची वेळ. माडीवर कोणी नव्हतं. सकाळी येऊन गेलेल्या यजमानाचं पान समोर उघडं होतं. आता एक सांगायला हवं. या चोपड्यांत पानाच्या एकाच बाजूला लिहायची चाल होती. पूर्वीची शाई दाट, कागद हातचा, त्यामुळे मजकूर मागे फुटायचा. म्हणून मागची बाजू कोरी ठेवत. शाई बदलली, कागद बदलला, पण चाल तीच राहिली. गुरुजींनी पान उलटलं. मागे सगळं कोरं. त्यांनी जिन्याकडे पाहिलं, खिडकीतून गल्लीत पाहिलं. भिंतीवर अण्णांचा फोटो होता. त्यालाही पाहून झालं. मग ते उठले, फोटो भिंतीकडे तोंड करून फिरवला आणि पन्नाशीकडे झुकलेल्या त्या माणसाने आयुष्यात पहिल्यांदा डाव्या हातात पेन धरलं.

"ठेंगणे. गालावर चामखीळ. दोन मुली. म्हैस विकली त्याचं वाईट वाटतंय."

एवढंच लिहिलं. पण अक्षर! टपोरं, सरळ, एकसारखं. गुरुजी त्या ओळीकडे पाहतच राहिले. दुसऱ्याच कोणी लिहून गेल्यासारखं त्यांना वाटलं, आणि त्या दुसऱ्याचा थोडा हेवाही वाटला. चार-पाच दशकं कमरेला बांधून ठेवलेला तो हात आतल्या आत कित्ता गिरवत होता की काय कोण जाणे. अंगठा बरा झाला, टाके निघाले, पण दुपारी अण्णांचा फोटो भिंतीकडे वळायचा तो वळतच राहिला. तो वळलेला दिसला की प्रतिभा समजायची आणि खालूनच येणाऱ्याला सांगायची, "गुरुजी कामात आहेत."

वेगळी वही का नाही केली, असं कोणी शहाणा विचारेल. गुरुजींचा हिशेब साधा होता. वेगळी वही केली तर ती वेळेवर सापडणार नाही. माणूस आला की त्याचं पान उघडायचंच असतं. उघडता उघडता मागे एक नजर टाकायची, की झालं. आणि झालंही तसंच. सिंहस्थात गुरुजी पायरीवरून हाका मारू लागले, "काय हो, म्हैस घेतली का परत?" लोक पाघळू लागले. कुंडावर बोलबाला झाला की अण्णांची विद्या उशिरा का होईना, पोरात उतरली. चुलतभाऊ चिंतेत पडला.

इथवर ठीक होतं. पण हाताला एकदा लिहायची चटक लागली की तो चामखिळीवर थांबत नाही. पहिल्यांदा "आवाज मोठा" एवढंच असायचं. मग "आवाज मोठा, मन लहान" झालं. मग सुनेशी भांडण, भांडणाचं कारण, आणि चूक कोणाची हेही आलं. एका सरपंचाच्या पानामागे लिहिलं होतं, "हे मंत्र म्हणत नाहीत, नुसते ओठ हलवतात. मीही पुष्कळदा तेच करतो." चेहऱ्यावर दाखवता न आलेला राग डाव्या हातातून सरळ खाली उतरायचा. माणसाचं लिहून झालं आणि जागा उरली की गुरुजी स्वतःचंही लिहू लागले, कारण कोरी जागा वाया घालवणं त्यांच्या जिवावर यायचं. ज्याचं पान दुपारी उघडं असेल त्याच्या मागे त्या दिवसाचं. परिणामी गुरुजींचं आयुष्य तालुक्याप्रमाणे लावलं गेलं. त्यांची गुडघेदुखी निफाडात सुरू झाली आणि येवल्यात बरी झाली. मुलीच्या लग्नातला मानपानाचा गोंधळ सगळा सिन्नरमध्ये होता. आणि प्रतिभाशी झालेलं मोठं भांडण, ज्यात ती आठ दिवस बोलली नव्हती, ते मालेगावात होतं.

मालेगाव प्रतिभाच्या हाती लागलं ते अठ्ठ्याण्णव साली, चोपड्यांना ऊन दाखवताना. गुरुजी कुंडावरून आले तर ही माडीवर मांडी घालून बसलेली, मांडीवर चोपडा.

"'आमटीत मीठ जास्त. मुद्दाम घातलं आहे.'" तिने मोठ्याने वाचलं. "मुद्दाम?"

गुरुजींचा चेहरा पडला. "अगं, ते असंच. पान रिकामं होतं."

"म्हणून माझी बदनामी? ती पण त्या भल्या माणसाच्या पणजाच्या पाठीवर?" तिने पेन मागितलं. त्या ओळीखाली तिने लिहिलं, "मुद्दाम नव्हतं. मीठ दोनदा पडलं, कारण मी रडत होते. प्रतिभा." मग चोपडा मिटून ती म्हणाली, "अक्षर मात्र सुरेख आहे हो तुमचं. मला माहीतच नव्हतं."

त्या दिवशी गुरुजींना फार वाईट वाटलं आणि फार बरंही वाटलं. दोन्ही एकाच वेळी कसं वाटू शकतं हे त्यांनी संध्याकाळी चांदवडमध्ये लिहून ठेवलं. पुढे प्रतिभा अधूनमधून कुठल्याही तालुक्यात शिरून उत्तरं लिहू लागली. पण एक गोष्ट तिने विचारलीच.

"हे कोणी वाचलं तर?"

"पानाच्या मागे कोण बघतंय?" गुरुजी म्हणाले. "ज्याला त्याला आपला पणजा बघायचा असतो. तो पुढेच असतो."

"झाकली मूठ आहे तोवर ठीक," प्रतिभा म्हणाली. "एका मडक्यापायी एक गाव गेलं होतं, विसरू नका."

ते विसरणं शक्य नव्हतं. दुसरा कोणी असता तर त्याने त्या दिवसापासून लिहिणं बंद केलं असतं. गुरुजींनी तीन दिवस बंद केलं. चौथ्या दिवशी दुपारी त्यांना इतकं चुकल्यासारखं वाटू लागलं की त्यांनी फोटो वळवला. ज्या माणसाला निबंधाच्या नावाने ताप यायचा, त्याला आता न लिहिण्याने यायला लागला होता.

मग दोन हजार तीन साल आलं. पुढचा सिंहस्थ भरला, गर्दी ओसरली, आणि दिवाळीला आठवडा असताना सटाण्याकडच्या एका गावातून दोन जीप भरून माणसं आली. कोंडाजी गेले होते.

कोंडाजी म्हणजे बागलाणातलं मोठं प्रस्थ. चाळीस घरांची भाऊबंदकी, आणि कोंडाजी ज्या पायरीवर उभे राहिले त्याच पायरीवर चाळीस घरं उभी राहणार. त्यांच्या मागे आजूबाजूची सात गावं. ते घर दुखावलं तर बागलाणचं अख्खं बासन समोरच्या गल्लीत पोचवायला गुरुजींनी स्वतः हमाल करावा, एवढंच बाकी राहणार होतं. अस्थी थोरल्या मुलाच्या हातात होत्या. लहानू त्याचं नाव, वय पंचेचाळीसच्या आसपास. अंगाने बापासारखा, पण मान खाली घालून चालणारा. धाकटा बहिरू मात्र बापाच्या गोष्टी सांगताना थकत नव्हता. एक्याण्णवच्या सिंहस्थात आमच्या बापाने रामकुंडात अकरा बुड्या मारल्या, वरून पोहून पार गेला, बघणारे बघत राहिले. ही गोष्ट गावात पोरासोरांना पाठ होती.

गुरुजी ते ऐकून नुसते हं हं करत होते. एक्याण्णवच्या गर्दीत त्यांनी हजारभर माणसांना स्नान घातलेलं. बुड्या त्यांना काही केल्या आठवेनात. सकाळी त्यांना बासन सोडायलाही सवड मिळाली नव्हती, माणसं सरळ कुंडावरच आली होती.

विधी झाले. अस्थी गंगेत गेल्या. मंडळी घरी आली, चोपडा निघाला, आणि कोंडाजींचा लेख समोर आला. खाली आजाचा अंगठा, त्याखाली कोंडाजींची मोडकीतोडकी सही. लहानूने सहीवर बोट फिरवलं.

"गुरुजी, याची झेरॉक्स मिळेल का? घरी लावतो. फ्रेम करून."

चोपडा घराबाहेर जात नाही, असं गुरुजींनी सांगून पाहिलं. "मग तुम्ही बी चला संगे," बहिरू म्हणाला. शाई उडेल, सांगितलं. "शाई काय चिमणी शे का, उडी जावाले?" आता नाही म्हणायला कारण उरलं नव्हतं, आणि जास्त नाही म्हटलं तर संशय. चोराच्या मनात चांदणं म्हणतात तशी गुरुजींची गत झाली. चोपडा पोटाशी धरून ते पंचवटी कारंजाकडे निघाले. मागे पंचवीस माणसं. वाटेत ते आठवायचा प्रयत्न करत होते, त्या पानामागे आपण लिहिलं होतं तरी काय. एवढंच आठवत होतं की लिहिताना हसू आलं होतं. हे आठवल्यावर त्यांनी चोपडा आणखी घट्ट धरला.

झेरॉक्सवाल्याने चोपडा हातातून घेतला, पान काचेवर पालथं घातलं, झाकण दाबलं. एक कागद बाहेर आला. गुरुजींनी सुटकेचा श्वास टाकला आणि चोपडा घ्यायला हात पुढे केला. पण दुकानदार कामाचा चोख होता. रोज कॉलेजच्या पोरांच्या नोट्स काढून त्याचा हात बसलेला.

"पाठपोट आहे ना?" असं म्हणत त्याने पान उलटलंही.

"नको! मागचं नको!" गुरुजी ओरडले. ते इतके मोठ्याने ओरडले की पंचवीस माणसं काउंटरला येऊन चिकटली. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. तोवर यंत्रातून दुसरा कागद सरकला होता, आणि तो लहानूच्या हातात गेला होता. टपोरं, सरळ अक्षर. उजव्या हाताने लिहिलं असतं तर ब्रह्मदेवालाही लागलं नसतं, आणि गुरुजी वाचले असते.

लहानूला गावात पेपर मोठ्याने वाचून दाखवायची सवय. त्याने सुरुवातही तशीच केली.

"'कोंडाजी. उंच, मिशा पांढऱ्या. आवाज असा की कपालेश्वराच्या पायऱ्यांवरची कबुतरं उडतात.'"

"खरं शे!" मागून चार-पाच जण म्हणाले. बायकांनी डोळ्यांना पदर लावला.

"'गावाला दरारा. पण पा...'"

लहानू थांबला.

गुरुजींना त्याच क्षणी सगळं आठवलं. बारा वर्षांपूर्वीची ती सकाळ, ते पाणी, मनगटावरचे ते वळ. काचेवर चोपडा पालथा पडला होता आणि त्यांना वाटलं, आपल्या तोंडावरही कोणी असंच झाकण घालील तर बरं. लहानू आता मनातल्या मनात वाचत होता, ओठ हलत होते, आणि तो जे वाचत होता ते असं होतं.

"पण पाण्याला घाबरतात. दुसऱ्या पायरीच्या खाली उतरेनात. माझं मनगट धरलं ते सोडेनात. शेवटी पायरीवर बसवून, लहान मुलाला घालतात तशी तांब्याने अंघोळ घातली. म्हणाले, 'माले पाणीनं भेव वाटस. गुरुजी, घर कोणले सांगू नका.' मी म्हटलं, सांगणार नाही. लिहिणार नाही असं म्हटलेलं नाही."

"भो," बहिरूने विचारलं, "काय लिखेल शे?"

गुरुजींनी डोळे मिटले. त्यांना मालेगावचा मीठ-मजकूर दिसला, येवल्याचा गुडघा दिसला, आणि लाल कापडातली सगळी बासनं एकेक करून समोरच्या गल्लीत चाललेली दिसली. खरं सांगायचं तर त्यांना गावांपेक्षा जास्त वाईट दुसऱ्याच गोष्टीचं वाटत होतं. म्हाताऱ्या माणसाने विश्वासाने एक गोष्ट सांगितली होती, आणि आपण ती त्याच्या अस्थी गंगेत गेल्या त्याच दिवशी चारचौघांत उघडी पाडली. अण्णा म्हणत होते तेच बरोबर होतं, असं त्यांना वाटलं. हा हात बांधूनच ठेवायला हवा होता.

"भो, वाच ना," बहिरू म्हणाला.

लहानूने मान वर केली. पंचवीस जणांकडे पाहिलं. मग तो बापाच्या आवाजात म्हणाला, "काय लिखेल राही? अकरा बुड्या मारल्यात, पोहीसन पार ग्या. तेच लिखेल शे."

मंडळींनी माना डोलावल्या. एकाने कोंडाजींच्या नावाने हात जोडले. गुरुजींनी डोळे उघडले आणि लहानूकडे पाहिलं, पण लहानू पुन्हा कागदात होता. खाली अजून होतं. कोंडाजींची अंघोळ झाल्यावर पानावर जागा उरली होती, आणि कोरी जागा वाया घालवणं गुरुजींच्या जिवावर यायचं.

"धोतर वाळेपर्यंत बसले. मी थोरल्या मुलाचं विचारलं. लहानू त्याचं नाव. याला ते चारचौघांत बैल म्हणतात, मीच ऐकलं. पण म्हणाले, गाय आजारी पडली तर तो गोठ्यातून हलत नाही, तिच्याजवळच जेवतो. 'मना लहानू सोनं शे, गुरुजी. तोंडवर सांगं ते नजर लागी जाई.' मी विचारलं, कधीच नाही सांगितलं? म्हणाले, 'आते सवय नही ऱ्हायनी.' मग नाक शिंकरलं आणि मला म्हणाले, पाणी फार गार होतं."

लहानूने तो मजकूर किती वेळा वाचला ते गुरुजींना मोजता आलं नाही. एकदा त्याने काउंटर धरला. दुकानदार म्हणाला, पुढचं गिऱ्हाईक थांबलंय. कोणी हललं नाही. मग लहानूने तो कागद घडी घालून सदऱ्याच्या आतल्या खिशात ठेवला, वरून एकदा हात दाबून पाहिला, आणि भाऊबंदांना म्हणाला, "चला रे. उन्हं कलायला लागनी."

सगळे जीपकडे निघाले. आता कुठे गुरुजींच्या लक्षात आलं की पहिली झेरॉक्स, आजाच्या अंगठ्याची आणि कोंडाजींच्या सहीची, यंत्रावरच पडून होती. ती घेऊन ते धावले. चोपडा काखेत, कागद हातात, डावा खांदा पुढे.

"अहो लहानूभाऊ! हे राहिलं! फ्रेम करायची होती ना, ज्यासाठी आलात ते इथेच राहिलं!"

लहानू जीपच्या पायरीवर थांबला. डोळे लाल झाले होते, पण मान ताठ होती. त्याने त्या कागदाकडे नुसतं पाहिलं.

"ऱ्हाऊ द्या, गुरुजी," तो म्हणाला. "नावं ते काय, सातबारावर बी शेतस."